पेटीतले ऊन

आइसलँडची राजधानी रेक्याविक उत्तर ध्रुववृत्ताच्या जेमतेम खाली वसलेली आहे. डिसेंबरात तिथे सूर्य सकाळी अकराच्या पुढे उगवतो आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास मावळतो. उन्हाळ्यात दिवस संपता संपत नाही, पण ऊन तिरपे आणि बरेचदा ढगाळलेले. उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग अशा देशात झपाट्याने वाढावा, असे कुणालाही वाटले नसते. तरीही १९९५ ते २००२ या काळात आइसलँडमधल्या स्त्रियांच्या धडावर होणाऱ्या मेलेनोमाचे प्रमाण दर वर्षी सुमारे २० टक्क्यांनी वाढत गेले. मेलेनोमा हा त्वचेच्या प्रमुख कर्करोगांमधला सर्वांत जीवघेणा प्रकार. या रुग्ण प्रामुख्याने पन्नाशीच्या आतल्या होत्या. पूर्वी तिथल्या स्त्रियांमध्ये तो पायांवर जास्त आढळायचा. आता पाठ, पोट आणि छाती यांवरचे रुग्ण पायांवरच्या रुग्णांपेक्षा जास्त झाले. रेक्याविकच्या हवेत धड उघडे टाकून उन्हात बसण्याचे दिवस वर्षात फारसे येत नाहीत.

संशोधकांनी १९५४ पासूनच्या कर्करोगाच्या नोंदी तपासल्या. दक्षिणेकडच्या समुद्रकिनाऱ्यांवर सुटीला जाणाऱ्यांची संख्या वाढली होती, पण त्यांत भरणा वयस्कर लोकांचा होता. तरुण मुलींच्या आयुष्यात वेगळेच काही शिरले होते. १९७९ साली रेक्याविकमध्ये कृत्रिम उन्हाने अंग रापवणारे सनबेड बोटांवर मोजण्याइतके होते. १९८८ पर्यंत लाखभर वस्तीच्या त्या शहरात ५६ सलून आणि २०७ सनबेड झाले. २००० साली आइसलँडमधला सनबेडचा वापर स्वीडनच्या साधारण दुप्पट आणि ब्रिटनच्या तिप्पट होता. तेरा-चौदा वर्षांची मुले चर्चमध्ये कन्फर्मेशनच्या विधीला उभी राहतात, तेव्हा नवे कपडे, पाहुणे आणि फोटो आलेच. त्या फोटोंत चेहरा फिका दिसू नये म्हणून आधीपासून सनबेडवर जाण्याची रीतच पडली. आरोग्य यंत्रणांनी पुढे जागृतीची मोहीम हाती घेतली, ती नेमकी याच वयाच्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना उद्देशून.

सनबेड म्हणजे दोन झाकणांची माणसाएवढी पेटी. खालच्या भागावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा वक्र पत्रा, त्याखाली ट्यूबलाइटसारख्या नळ्यांची रांग. माणूस त्या पत्र्यावर उताणा पडतो, डोळ्यांवर वाटीसारखा छोटा चष्मा लावतो आणि वरचे झाकण हाताने खाली ओढून घेतो. निळसर जांभळा उजेड पडतो, पंखा घरघरू लागतो, अंग हळूहळू तापते. सहा ते वीस मिनिटांत घड्याळ सगळे बंद करते. कित्येक मुली कमरेवर हृदयाच्या आकाराचे छोटे स्टिकर लावून आत जातात. काही खेपांनंतर ते काढले, की खाली मूळ रंगाचे पांढुरके हृदय उरलेले दिसते. किती रंग चढला, हे त्यावरून कळते.

या पेटीचा जन्म दवाखान्यात झाला. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी कार्बन आर्क दिव्याच्या प्रकाशाने त्वचेचा क्षय बरा करून दाखवला आणि त्यासाठी त्यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ऑग्यूस्त रोलिए यांनी स्वित्झर्लंडमधल्या लेझाँ या डोंगराळ गावी क्षयरोग्यांना उन्हात झोपवून उपचार करणारे रुग्णालय सुरू केले. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या बालरोगतज्ज्ञाने मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश सोडला आणि त्यांची हाडे पुन्हा भरू लागल्याचे एक्स-रेमध्ये दाखवले. धुराने काळवंडलेल्या औद्योगिक शहरांतल्या हजारो मुलांसाठी ही मोठी गोष्ट होती. जर्मनीतल्या हानाऊ गावी तयार होणारे दिवे ‘कृत्रिम पहाडी सूर्य’ अशा अर्थाच्या नावाने घरोघरी पोहोचले. रशियाच्या उत्तर टोकाला मुर्मान्स्कमध्ये बालवाडीतली मुले हिवाळ्यात चष्मे लावून अशा दिव्याभोवती गोल उभी केली जात. अंगावर कृत्रिम ऊन घेणे म्हणजे प्रकृती सुधारणे, हा समज त्या काळात रुजला आणि दिव्यांचे काम बदलले तरी टिकून राहिला.

त्याच सुमारास युरोपात रंगाची प्रतिष्ठा उलटी झाली. शेतात राबणाऱ्याची कातडी रापते आणि वाड्यात बसणाऱ्याची गोरी राहते, तोवर गोरेपणाला मान होता. कामगार गिरण्यांत आणि खाणींत शिरले तसे तेच फिके पडले. आता रापलेले अंग सांगू लागले, की या माणसाकडे सुटी आहे आणि सुटीला दक्षिणेत जाण्याइतका पैसाही आहे. १९२३ साली फॅशनकार कोको शनेल फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून रापून परतली आणि ही आवड फोफावली, असे नेहमी सांगितले जाते. बदल एका बाईमुळे झाला नाही, पण ती त्याचा चेहरा ठरली. स्वस्त विमानप्रवास आल्यावर स्पेनचा किनारा कारकुनाच्याही आवाक्यात आला. दोन सुट्यांमधल्या दहा-अकरा महिन्यांत तो रंग टिकवायचा कसा, एवढाच प्रश्न उरला.

त्याचे उत्तर फ्रीडरिश वोल्फ या जर्मन संशोधकाने दिले. खेळाडूंवर अतिनील किरणांचा काय परिणाम होतो, हे तपासताना त्यांना अंगावर चढणारा रंगही दिसला. १९७० च्या दशकात त्यांनी प्रामुख्याने यूव्हीए किरण सोडणाऱ्या नळ्यांची पलंगवजा पेटी बाजारात आणली. दशक संपता संपता ती अमेरिकेत पोहोचली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतल्या ११६ शहरांमध्ये दर शहरी सरासरी ४२ टॅनिंग सलून आढळली. त्याच शहरांत मॅकडोनाल्डची दुकाने सरासरी ३० आणि स्टारबक्सची १९ होती.

यूव्हीए आणि यूव्हीबी या अतिनील किरणांच्या दोन प्रकारांतला फरक या धंद्याने आपल्या सोयीने सांगितला. यूव्हीबीची तरंगलांबी २८० ते ३१५ नॅनोमीटर. या किरणांनी कातडी लालबुंद होते, भाजते. यूव्हीए ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे. ते कातडीत जास्त खोल जातात, पण चटका कमी देतात. त्यामुळे भाजत नाही म्हणजे धोका नाही, असा प्रचार झाला. प्रत्यक्षात नैसर्गिक उन्हाच्या कित्येक पट यूव्हीए या पेट्यांतून अंगावर पडतो, शिवाय थोडा यूव्हीबी असतोच. युरोपात सनबेडच्या तीव्रतेवर जी कमाल मर्यादा घातली आहे, ती अतिनील निर्देशांक १२ एवढी, म्हणजे विषुववृत्तीय प्रदेशातल्या भर दुपारच्या उन्हाइतकी. इंग्लंडमध्ये ४०० हून अधिक सनबेडची मोजणी झाली, तेव्हा दहापैकी जवळपास नऊ सनबेड ही मर्यादाही ओलांडत होते.

रंग चढतो म्हणजे आत काय घडते? यूव्हीए कातडीत आधीच असलेल्या मेलॅनिन या रंगद्रव्याचे ऑक्सिडीकरण करून ते गडद करतो. हा रंग लगेच दिसतो आणि लवकर उतरतो. टिकाऊ रंगाची वाट वेगळी आहे. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशीतल्या डीएनएला इजा होते. ती इजा ओळखून पी५३ हे प्रथिन जागे होते. त्याच्या हुकमाने पेशी एक मोठे प्रथिन बनवतात आणि त्याचे तुकडे पडून एक संप्रेरक तयार होते. हे संप्रेरक शेजारच्या मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींना कामाला लावते. नवे मेलॅनिन आजूबाजूच्या पेशींत पोहोचून त्यांच्या केंद्रकावर छत्रीसारखे पसरते, म्हणजे पुढचे किरण डीएनएपर्यंत कमी पोहोचावेत. टिकाऊ टॅनचा प्रत्येक थर असा आधी झालेल्या इजेमुळे चढलेला असतो. इजा न होता टॅन मिळण्याची सोय शरीरात नाही. दुरुस्ती चुकलेल्या पेशी वर्षानुवर्षे साठत जातात आणि त्यांतली एखादी पुढे कर्करोगाची सुरुवात करते.

हे सगळे ठाऊक असूनही लोक जातात. सनबेड वापरणाऱ्यांना विचारले, तर कारणे ठरलेली येतात. अंगावर रंग असला की बारीक आणि तंदुरुस्त दिसतो. मुरुमांचे डाग झाकले जातात. लग्नाला, पार्टीला, नव्या पोशाखाला शोभते. बरोबरच्या मैत्रिणी जातात. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या लिव्हरपूल आणि संडरलँड या शहरांत २००९ च्या सुमारास पाहणी झाली, तेव्हा १५ ते १७ वर्षांच्या जवळजवळ निम्म्या मुलींनी सनबेड वापरला होता. संपूर्ण इंग्लंडमध्ये ११ ते १७ वयोगटात हेच प्रमाण ६ टक्के होते. शाळेतल्या सगळ्याच जात असतील, तर फिकी राहणारी मुलगी उठून दिसते आणि त्या वयात उठून दिसणे नकोसे असते.

दुसरे कारण सुटीच्या तयारीचे. स्पेनला जाण्याआधी थोडा रंग चढवून घेतला की तिथे अंग भाजणार नाही, असा समज आहे. असा टॅन फार तर एसपीएफ ३ किंवा ४ च्या क्रीमइतके संरक्षण देतो आणि तेवढ्यासाठी आधीच डीएनएची इजा पत्करावी लागते. शिवाय लाल किंवा पिंगट केसांच्या, चट्टेदार गोऱ्या कातडीच्या माणसांना टॅन जवळजवळ येतच नाही. ती फक्त भाजतात. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली त्वचेची वर्गवारी केली, तिच्यात ही मंडळी पहिल्या प्रकारात मोडतात. सर्वांत जास्त धोका त्यांनाच आणि आपला रंग बदलण्याची ओढही त्यांच्यातल्या अनेकांना.

तिसरे कारण व्हिटॅमिन डीचे. उत्तर युरोपात हिवाळ्यात ते कमी पडते, हे खरे आहे. पण ते तयार होते यूव्हीबीमुळे आणि सनबेडमध्ये भर असतो यूव्हीएवर. कमतरता भरून काढायला स्वस्त गोळी पुरते. अमेरिकेतल्या टॅनिंग व्यावसायिकांच्या संघटनेने सनबेड सुरक्षित असून त्याने आरोग्याला फायदा होतो अशा जाहिराती केल्या, तेव्हा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या असल्याचा आरोप केला आणि २०१० साली संघटनेला असे दावे थांबवण्याचे मान्य करावे लागले.

चौथे कारण लोक संकोचत सांगतात: तिथे पडून राहिले की बरे वाटते. हे नुसते मनाचे खेळ नव्हेत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात स्टीव्हन फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नेहमी टॅनिंग करणाऱ्यांना दोन सनबेड दिले. दिसायला दोन्ही सारखे, पण एकातून अतिनील किरण येत होते आणि दुसऱ्यातून ते गाळलेले होते. कोणता कुठला, हे त्यांना सांगितले नव्हते. दोन्हींचा अनुभव घेतल्यावर निवड त्यांच्यावर सोडली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळी त्यांनी अतिनील किरणांचाच सनबेड निवडला. पुढच्या एका छोट्या प्रयोगात याच गटाने अफूजन्य द्रव्यांचा परिणाम रोखणारे औषध दिले, तेव्हा वारंवार टॅनिंग करणाऱ्या आठपैकी चौघांना मळमळ आणि थरथर सुरू झाली. क्वचित टॅनिंग करणाऱ्यांपैकी कुणालाही असा त्रास झाला नाही.

याचे कारण २०१४ साली बॉस्टनमधल्या डेव्हिड फिशर यांच्या प्रयोगशाळेने उंदरांमध्ये दाखवले. रंग चढवणाऱ्या संप्रेरकासाठी त्वचा जे मोठे प्रथिन बनवते, त्याचाच दुसरा एक तुकडा म्हणजे बीटा-एंडॉर्फिन, शरीराची स्वतःची वेदनाशामक अफू. पाठीवरचे केस काढलेल्या उंदरांना सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, थोडे अतिनील किरण दिले. त्यांच्या रक्तात एंडॉर्फिन वाढले आणि वेदना सहन करण्याची ताकदही वाढली. मग अफूचा परिणाम उतरवणारे औषध दिल्यावर व्यसन सुटताना होतो तसा त्यांना त्रास झाला: थरथर, दात वाजणे. सनबेडवर जाणारी प्रत्येक व्यक्ती व्यसनी असते, असा याचा अर्थ नाही. पण फेब्रुवारीच्या काळोख्या संध्याकाळी आठवड्यातून तीनदा तिथे खेचल्या जाणाऱ्या मुलीला ‘फॅशनवेडी’ म्हणून मोडीत काढणे हा तिच्यावर अन्याय आहे. तिची त्वचाच तिला बक्षीस देत असते.

मराठी वाचकाला ही ओढ परकी वाटेल. आपल्याकडे पार्लरच्या पाटीवर ‘डी-टॅन’ असते आणि लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ मुलगी हवी असते. गोऱ्या रंगाचे आमिष दाखवणारे भारतातले सर्वांत प्रसिद्ध क्रीम १९७५ मध्ये बाजारात आले आणि २०२० मध्ये त्याच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढावा लागला. गोव्याच्या किनाऱ्यावर दुपारी बाराच्या उन्हात पाठ भाजून घेणारे परदेशी पाहुणे आणि तोंडाला ओढणी बांधून स्कूटरवरून जाणारी मुलगी, दोघेही आपल्याला जन्मतः मिळालेल्या रंगाशी भांडत असतात. दोन्हीकडे त्या भांडणावर बाजार उभा आहे.

इथे एक गल्लत टाळायला हवी. पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांत कोड आणि सोरायसिसच्या रुग्णांना अतिनील किरणांच्या कपाटात उभे करतात, तो उपचार आहे. त्यात यूव्हीबीचा अगदी अरुंद पट्टा, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा, वापरतात. मात्रा डॉक्टर ठरवतात, प्रत्येक खेपेची नोंद होते आणि गरज संपली की थांबवतात. सलूनमधल्या सनबेडवर मात्रा ठरवते ती गिऱ्हाइकाची हौस.

हिशेब किती मोठा आहे, ते आकडे सांगतात. २०१४ साली अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा अमेरिका, उत्तर आणि पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलिया इथल्या प्रौढांपैकी सुमारे ३६ टक्के आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांपैकी ५५ टक्के लोकांनी आयुष्यात एकदा तरी सनबेड वापरल्याचे दिसले. त्याच संशोधकांच्या अंदाजानुसार या देशांत दर वर्षी मेलेनोमाखेरीजचे साडेचार लाखांहून अधिक त्वचाकर्करोग आणि दहा हजारांहून अधिक मेलेनोमा सनबेडमुळे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २००९ मध्ये सनबेडला पहिल्या, म्हणजे माणसात कर्करोग नक्की घडवणाऱ्या गोष्टींच्या गटात टाकले. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस याच गटात आहेत. तिशीच्या आत सनबेड सुरू करणाऱ्यांना मेलेनोमाचा धोका ७५ टक्क्यांनी वाढतो, असे संस्थेने तेव्हा सांगितले. नंतरच्या विश्लेषणांत हा आकडा काहीसा खाली आला, पण लहान वयात सुरुवात केली तर धोका जास्त, हा निष्कर्ष कायम राहिला.

ऑस्ट्रेलियात या आकड्यांना एक चेहरा मिळाला. मेलबर्नची क्लेअर ऑलिव्हर मेलेनोमाने आजारी होती. तरुणपणी काही वेळा सनबेड वापरला होता, हे तिने टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांतून उघडपणे सांगितले आणि सरकारकडे कायद्याची मागणी केली. सप्टेंबर २००७ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी ती गेली. व्हिक्टोरिया राज्याने पाठोपाठ नियम कडक केले. १ जानेवारी २०१५ पासून बहुतेक ऑस्ट्रेलियात व्यावसायिक सनबेड बंद झाले आणि वर्षभरात पश्चिम ऑस्ट्रेलियानेही तेच केले. ब्राझीलने त्याआधीच, नोव्हेंबर २००९ मध्ये, सौंदर्यासाठीच्या सनबेडवर देशभर बंदी घातली होती.

इतरांनी मधला मार्ग धरला. फ्रान्सने १९९७ पासून अठरा वर्षांखालच्यांना सनबेड बंद केला. जर्मनीने २००९ मध्ये, इंग्लंड आणि वेल्सने २०११ मध्ये आणि आइसलँडनेही २०११ मध्ये तेच केले. अमेरिकेत जुलै २०१० पासून टॅनिंगवर १० टक्के कर लागला आणि २०१२ च्या सुरुवातीला कॅलिफोर्निया हे अल्पवयीनांना पूर्ण मनाई करणारे तिथले पहिले राज्य ठरले. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मुलींपैकी २००९ साली २५.४ टक्के सनबेड वापरत होत्या. २०१५ पर्यंत हे प्रमाण १०.६ टक्क्यांवर आले. धोक्याची माहिती तर त्याआधीही वर्षानुवर्षे दिली जात होती. वापर घसरला तो कर, वयाची अट आणि बदललेले वारे हे सगळे एकत्र आल्यावर.

ज्यांना रंग हवाच आहे, त्यांच्यासाठी वेगळी वाट १९५० च्या दशकात सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात सापडली. इव्हा विटगेनस्टाइन तिथे एका दुर्मीळ आजाराच्या मुलांना डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन हे द्रव्य तोंडाने देत होत्या. काही मुलांच्या अंगावर ते सांडले आणि तिथे तपकिरी डाग पडले. भाकरीला तव्यावर खरपूस डाग पडतात, त्याच जातीची रासायनिक क्रिया इथे कातडीच्या वरच्या मृत थरात होते. आजची टॅनिंग क्रीम आणि स्प्रे यांत हेच द्रव्य असते. रंग आठवडाभरात उतरतो, डीएनएला किरणांची इजा होत नाही, मात्र उन्हापासून संरक्षणही मिळत नाही. याउलट इंटरनेटवर विकली जाणारी, कातडीचा रंग गडद करणाऱ्या मेलॅनोटॅनची इंजेक्शने आणि नाकात मारायचे फवारे यांना सौंदर्यासाठी मान्यता नाही. त्यांच्या कुप्यांत नेमके काय आणि किती आहे, याची हमी कुणी देत नाही.

अठराव्या वाढदिवसाला माणसाच्या डीएनएला वेगळे कवच चढत नाही. वयाच्या अटीने मुले वाचतात, ते आवश्यकच आहे. पण ज्या यंत्राला तंबाखूच्या पंगतीत बसवले आहे आणि ज्याने साध्य होणारे प्रत्येक काम गोळीने, क्रीमने किंवा दवाखान्यातल्या उपचाराने कमी धोक्यात होते, ते सौंदर्यासाठी चालू ठेवण्याला आधार उरत नाही. ब्राझील आणि ऑस्ट्रेलियाने केले, ते युरोप-अमेरिकेनेही करायला हवे. शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलेल्या आपल्या मुलामुलींनी मित्रमंडळींच्या आग्रहाखातर त्या पेटीत शिरू नये. गडद कातडीला मेलेनोमा कमी होतो, पण होतो. तो बरेचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली येतो, तिथे ऊन हे कारण नसते आणि म्हणून शंका उशिरा येते. रंग, आकार किंवा कड बदलणारा तीळ, न भरणारा चट्टा किंवा नखाखाली उमटलेली नवी काळी रेघ दिसली, तर घरगुती लेप लावत बसू नका, लगेच त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.